सार्वमताचं सोंग आणि निषेधाचं निवेदन: वाचायचं कसं, मराठीत उतरवायचं कसं

२७ सप्टेंबर २०२२ची रात्रपाळी. रशियाच्या ताब्यातल्या युक्रेनी भागांत सार्वमत घेतलं गेलं होतं, आणि रशियात सामील होण्याच्या बाजूनं पडलेल्या मतांचे आकडे एजन्सीवर येत होते. दोनेत्स्क ९९.२३ टक्के, लुहान्स्क ९८.४२, झापोरिझ्झिया ९३.११, खेरसॉन ८७.०५. तीन दिवसांनी क्रेमलिनमध्ये सह्यांचा सोहळा झाला आणि मी मथळा दिला, 'युक्रेनचे चार प्रांत रशियात विलीन'. दुसऱ्या दिवशी दुपारी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. "अहो, विलीन काय? हैदराबाद विलीन झालं, कोल्हापूर विलीन झालं. डलहौसीनं साताऱ्याचं काय केलं होतं? खालसा केलं. तो शब्द विसरलात?"

विसरलोच होतो. 'विलीनीकरण' या शब्दाला मराठीत एक गोडवा आहे, संमतीचा वास आहे. मी तो मॉस्कोला फुकट देऊन टाकला होता. त्यानंतर अशा बातम्या हाताळायची एक पद्धत बसवली, तीच इथे लिहितो. डेस्कवर बसणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर देणाऱ्यांनाही ती उपयोगी पडावी.

पायरी १: आधी तारखा मांडा

परराष्ट्र खात्याचं निषेधाचं निवेदन नंतर वाचा, आधी कागदावर तारखा लिहा. २० सप्टेंबर: चारही प्रांतांतल्या रशियाधार्जिण्या प्रशासनांची घोषणा, सार्वमत घेणार. २१ सप्टेंबर: पुतिन यांची अंशतः लष्करी भरतीची घोषणा. २३ ते २७: मतदान. ३०: करारांवर सह्या. म्हणजे घोषणा आणि पहिलं मत यांच्यात तीन दिवस. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीससुद्धा याहून आधी लावावी लागते.

युक्रेनचं क्रिमिया द्वीपकल्पही रशियानं २०१४ साली असंच सार्वमत घेऊन जोडून घेतलं; तिथे तारखा कशा धावल्या तेही पाहा. २७ फेब्रुवारीला बिनखुणेच्या गणवेशातल्या सशस्त्र लोकांनी तिथली संसद ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी त्या संसदेनं २५ मे ही तारीख ठरवली. मग ती ३० मार्चवर आणली, मग १६ मार्चवर. खऱ्या मतदानाची तारीख सहसा पुढे ढकलली जाते, कारण याद्या तयार नसतात, कर्मचारी मिळत नाहीत. इथे ती अलीकडे सरकत होती.

तारखांच्या शेजारी नकाशा ठेवा. सप्टेंबर २०२२मध्ये चारपैकी एकही प्रांत रशियाच्या पूर्ण ताब्यात नव्हता. झापोरिझ्झिया शहर, म्हणजे त्या प्रांताची राजधानी, कीव्हकडेच होतं. सह्यांच्या दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, दोनेत्स्कमधलं लिमान युक्रेनी सैन्यानं परत घेतलं, आणि ११ नोव्हेंबरला खेरसॉन शहर. ज्या प्रांतानं ८७ टक्क्यांनी रशिया मागितल्याचं सांगितलं गेलं, तिथले लोक युक्रेनचे झेंडे घेऊन चौकात आले होते. बातमीत हे एक वाक्य आलं की विशेषणांची गरज उरत नाही.

पायरी २: मतपत्रिका वाचा

टक्केवारी सगळे छापतात, प्रश्न कोणी छापत नाही. क्रिमियाच्या मतपत्रिकेवर दोन पर्याय होते: एक, रशियन संघराज्यात सामील व्हायचं, दोन, १९९२ची क्रिमियाची राज्यघटना पुन्हा लागू करून युक्रेनमध्ये राहायचं. आहे तसंच राहू द्या म्हणणाऱ्यानं खूण कुठे करायची? जागाच नव्हती.

खेरसॉन आणि झापोरिझ्झियातली युक्ती वेगळी. तिथे एकाच प्रश्नात तीन गोष्टी गुंफल्या होत्या: युक्रेनमधून फुटणं, स्वतंत्र राज्य स्थापणं आणि रशियात सामील होणं. उत्तर मात्र एकच, हो किंवा नाही. स्वातंत्र्य हवं पण रशिया नको, असं म्हणायची सोय नाही.

मतपेट्या घरोघरी नेल्या गेल्या आणि सोबत बंदूकधारी होते, असं तिथल्या अनेक रहिवाशांनी वार्ताहरांना सांगितलं. हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. दार वाजतं. दारात मतपेटीवाली बाई, तिच्या मागे गणवेशातला माणूस. मतपत्रिका उघडीच टाकायची, पेटी पारदर्शक. तुमचं 'नाही' पेटीत पडायच्या आधी त्यानं वाचलेलं असतं.

पायरी ३: कब्जा वेगळा, मालकी वेगळी

निषेधाच्या निवेदनात कायद्याचे हवाले येतात आणि आपण ते 'आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग' या तीन शब्दांत गुंडाळून टाकतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सातबाऱ्याच्या भाषेत लगेच कळतं. शेतात कोणीतरी नांगर घातला म्हणून फेरफार होत नाही. लष्करी ताब्याचा कायदा नेमकं तेच सांगतो: ताबा असणारा तात्पुरता कारभारी आहे, धनी नाही.

चार हवाले ओळखता आले की पुरे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४), म्हणजे दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर किंवा धमकी नको. १९०७च्या हेग नियमांचं कलम ४३: ताबा घेणाऱ्यानं, अगदीच अशक्य नसेल तर, तिथले चालू कायदे पाळायचे. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४७: प्रदेश आपल्याला जोडून घेतला म्हणून तिथल्या माणसांचं संरक्षण संपत नाही. आणि आमसभेचा १९७०चा मैत्रीपूर्ण संबंधांचा जाहीरनामा, ज्यात बळानं मिळवलेला प्रदेश कायदेशीर मानायचा नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. पाचवा हवाला युक्रेनच्या घरचा. त्यांच्या राज्यघटनेच्या कलम ७३नुसार देशाच्या भूभागात बदल करायचा तर सार्वमत अख्ख्या युक्रेनचं घ्यावं लागतं, एका प्रांताचं नाही.

एक कलम मात्र बातम्यांतून हमखास निसटतं. चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ५१नुसार व्याप्त प्रदेशातल्या लोकांना ताबेदाराच्या सैन्यात जबरीनं भरती करता येत नाही. आता वरच्या तारखा पुन्हा पाहा. २१ला भरतीची घोषणा, २३ला मतदान. हे लोक एकदा 'रशियन नागरिक' ठरले की मॉस्कोच्या हिशेबी ते कलम लागूच होत नाही. इतकी घाई का होती, त्याचं सगळं उत्तर यात नाही. पण बरंचसं आहे.

दिवाणी कज्ज्यात निदान बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्जाचा मुद्दा काढता येतो. इथे तोही चालत नाही. एस्टोनिया, लात्व्हिया, लिथुआनिया सोव्हिएत संघानं १९४०च्या उन्हाळ्यात गिळले, एकाच यादीच्या निवडणुका घेऊन. २३ जुलै १९४०ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं हे अमान्य असल्याचं जाहीर केलं. ते निवेदन तब्बल ५१ वर्षं टिकलं. १९९१मध्ये हे देश 'नवे' झाले नाहीत, ते आपल्या जुन्या सातबाऱ्यावर परत आले.

पायरी ४: टक्क्यांवर विसंबू नका, आणि घरचंही बघा

९९ टक्के दिसले की आपण हसतो. एप्रिल १९३८मध्ये ऑस्ट्रियात हिटलरनं घेतलेल्या मतदानात ९९.७३ टक्के 'हो' जाहीर झालं होतं. त्या मतपत्रिकेवर 'हो'साठी मोठं वर्तुळ होतं आणि 'नाही'साठी छोटं. पण निव्वळ टक्केवारीवरून ढोंग सिद्ध होत नाही. आणि मराठी वाचक हुशार आहे, तो लगेच विचारतो: मग जुनागढचं काय?

विचारू द्या. फेब्रुवारी १९४८मध्ये जुनागढ संस्थानात, भारत की पाकिस्तान यावर, एकूण १,९०,८७० मतं पडली, त्यांतली पाकिस्तानच्या बाजूनं फक्त ९१. त्या वेळी कारभार भारताच्या हातात होता. सिक्कीममध्ये ९ एप्रिल १९७५ला भारतीय सैन्यानं चोग्याल, म्हणजे तिथले राजे, यांच्या राजवाड्यावरचे रक्षक निःशस्त्र केले आणि पाच दिवसांनी, १४ एप्रिलला, मतदान झालं: ५९,६३७ विरुद्ध १,४९६. पहिल्या पायरीची चाळणी इथे लावली तर अडखळायला होतं, आणि ते लपवू नये. फरकाचे मुद्दे आहेत: जुनागढचा नवाब कराचीला निघून गेला होता, सिक्कीममध्ये लोकनियुक्त विधानसभा राजेशाहीच्या विरोधात उभी होती. ते मांडा, पण 'आपलं ते वेगळंच' म्हणून उडवून लावू नका. तुम्ही उडवलंत, तर पुढच्या वेळी रशियन राजदूत हेच दोन आकडे घेऊन येईल तेव्हा वाचकाजवळ उत्तर नसेल.

खरी कसोटी दुसरी आहे, आणि तिचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच सापडतं. १६ जानेवारी १९६७, गोवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? चिन्हं होती फूल आणि दोन पानं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांचं सरकार आधी पायउतार झालं, राष्ट्रपती राजवट आली. दोन्ही बाजूंनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांतून एकमेकांची सालटी काढली, गाणी रचली. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. विलीनीकरणवादी ३४,०२१ मतांनी हरले. मुंबईत किती हळहळ झाली, ते जुने लोक अजून सांगतात. पूर्ण राज्याचा दर्जा हा पर्याय त्या मतपत्रिकेवरही नव्हता, तो १९८७मध्ये मिळाला. तरी 'आहे तसं राहू द्या' या पर्यायाला जागा होती, आणि तोच जिंकला.

तेव्हा प्रश्न असा विचारा: ज्यानं मतदान घेतलं, त्याला हरता येत होतं का?

पूर्व तिमोरचं उदाहरण याच्या जोडीला ठेवा. ३० ऑगस्ट १९९९. इंडोनेशियाचं सैन्य तिथे होतंच, सुरक्षेची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती, मिलिशिया गावोगाव धमकावत फिरत होते. पण मतदान घेतलं संयुक्त राष्ट्रांनी. ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारली. त्यानंतर राजधानीचं दिली शहर जळलं. तरी निकाल जगानं मानला, कारण पेटी तिसऱ्याच्या हातात होती आणि ताबेदार हरला होता.

पायरी ५: निवेदन खालून वर वाचा

परराष्ट्र खात्याच्या निवेदनात विशेषणं वर असतात आणि काम खाली. आपण पहिला परिच्छेद उचलतो, 'तीव्र निषेध' मथळ्यात टाकतो आणि मोकळे होतो. उलटं करा. शेवटच्या परिच्छेदात 'मान्यता देणार नाही' हे आहे का? 'आजही नाही, पुढेही कधी नाही' असं आहे का? निर्बंधांचा उल्लेख आहे का? फौजा मागे घेण्याची मागणी आहे का? बातमी तिथे असते. निषेध हे भाषण आहे, अमान्यता हे वचन आहे.

क्रियापदांची उतरंड सांभाळा. 'चिंता' आणि 'तीव्र चिंता' यांत कोणावर दोष नसतो. पूर आला तरी चिंताच व्यक्त करतात. 'रिग्रेट' म्हणजे खेद. 'डिप्लोअर'चं भाषांतरही आपण खेदच करतो आणि निवेदनाचे दात काढून घेतो. तिथे 'अत्यंत निंद्य मानतो' म्हणा. 'कन्डेम' म्हणजे निषेध, आणि तो शब्द त्याच्यासाठीच राखून ठेवा. मराठी डेस्कवर नळाला पाणी आलं नाही तरी निषेध होतो, म्हणून खऱ्या निषेधाला वजन उरत नाही.

एक गंमत पाहा. क्रिमियावरच्या २७ मार्च २०१४च्या आमसभेच्या ठरावात, कार्यकारी परिच्छेदांत, निषेध हा शब्दच नाही आणि रशियाचं नावही नाही. सार्वमताला वैधता नाही हे तिथे फक्त 'अधोरेखित' केलं आहे. १२ ऑक्टोबर २०२२च्या ठरावात मात्र रशियाचं नाव घेऊन 'निषेध' आहे. आठ वर्षांत भाषेनं किती जिने चढले ते या दोन क्रियापदांत दिसतं. पण दोन्हीकडे सामाईक काय? प्रदेशाच्या दर्जात बदल मानू नका, हे आवाहन. मऊ ठरावातही हाड तेच होतं.

कोण बोलतंय तेही बघा. २९ सप्टेंबर २०२२ला, सह्यांच्या आदल्या दिवशी, सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस स्वतः पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले की, युद्ध चालू असताना व्याप्त प्रदेशात घेतलेल्या या मतदानाला लोकेच्छेचा खरा आविष्कार म्हणता येणार नाही, आणि प्रांत जोडून घेण्याच्या निर्णयाला कायदेशीर मूल्य नसेल. सरचिटणीसाची नोकरीच तोलून बोलण्याची. तो सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्याचं नाव घेऊन असं बोलतो, तेव्हा ते दहा परराष्ट्रमंत्र्यांच्या ट्विटांपेक्षा जड असतं.

आणखी दोन शब्द. 'कथित सार्वमत' लिहू नका. कथित म्हणजे झालं की नाही याचीच शंका. मतदान झालं, ते सार्वमत नव्हतं, एवढंच, म्हणून 'तथाकथित'. आणि 'खालसा' वापरायला लाजू नका.

पायरी ६: मतांचा तक्ता

सुरक्षा परिषदेत ३० सप्टेंबरला अमेरिका आणि अल्बेनियाचा मसुदा: बाजूनं १०, विरोधात १ (रशिया, म्हणून नकाराधिकार), तटस्थ ४: भारत, चीन, ब्राझील, गॅबन. मग प्रश्न आमसभेत. १२ ऑक्टोबर: बाजूनं १४३, विरोधात ५ (रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया, निकाराग्वा), तटस्थ ३५, त्यात भारत. २०१४चा आकडा १००, ११, ५८ असा होता, आणि तेव्हाही भारत तटस्थच होता.

तटस्थ आणि गैरहजर यांची गल्लत करू नका. १९३ सदस्यांतून १४३, ५ आणि ३५ वजा केले की १० उरतात. ते मतदानात आलेच नाहीत. तटस्थ राहणारा सभागृहात बसून बटण दाबतो आणि सहसा भाषणही करतो. ते भाषण, म्हणजे मतदानाचं स्पष्टीकरण, हीच भारतीय वाचकासाठी बातमी. भारतानं सनद, आंतरराष्ट्रीय कायदा, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचे दाखले दिले आणि संवादाचा आग्रह धरला, पण रशियाचं नाव घेऊन निषेध केला नाही.

कार्यपद्धतीवरची मतं तर कोणीच वाचत नाही. १० ऑक्टोबरला रशियानं मागणी केली की या ठरावावर गुप्त मतदान घ्या. आमसभेनं ती फेटाळली: उघड मतदानाच्या बाजूनं १०७, विरोधात १३, तटस्थ ३९. भारत त्या १०७मध्ये होता. मुख्य ठरावावर तटस्थ, पण पडद्याआड जायला नकार. 'भारत नेहमीप्रमाणे तटस्थ' या मथळ्यात हे कुठे मावणार?

पायरी ७: निषेधानंतरचा कारभार

'नुसत्या निषेधानं काय होतं?' हा प्रश्न टपरीवरही येतो. अमान्यता कागदोपत्री राबवली जाते. क्रिमियातून आलेला माल युरोपीय संघानं जून २०१४पासून बंद केला. तिथल्या रहिवाशांना रशियानं दिलेले पासपोर्ट अनेक देश मानत नाहीत. ऑक्टोबर २०२२च्या निर्बंधांत युरोपीय संघानं सार्वमत चालवणाऱ्यांची नावं घातली आणि झापोरिझ्झिया, खेरसॉनलाही तेच नियम लावले.

पण इथे माणसं राहतात, त्यांना मुलं होतात. जन्मदाखला रशियन शिक्क्याचा असेल तर मूल जन्मलंच नाही का? नामिबियावरच्या १९७१च्या सल्लादर्शक मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं याची वाट काढून ठेवली: ताबेदाराची राजवट अमान्य, पण जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी नाकारून रहिवाशांचं नुकसान करायचं नाही. व्याप्त प्रदेशातल्या साध्या माणसावर बातमी करायची असेल तर याच दाखल्यापासून सुरुवात करा.

पायरी ८: आता लिहा

शिकाऊ मुलांना देतो तो नमुना. चुकीची ओळ: 'संयुक्त राष्ट्रांनी रशियाचा तीव्र निषेध केला असून भारत मतदानाला गैरहजर राहिला.' कोणती संस्था ते नाही, कशाचा निषेध ते नाही, आणि 'गैरहजर' हा शब्द चूक.

सुधारून: 'रशियानं युक्रेनच्या चार प्रांतांत घेतलेली तथाकथित सार्वमतं अवैध असून त्यामुळे या प्रांतांचा दर्जा बदलत नाही, असा ठराव आमसभेनं १४३ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. हा बदल कोणत्याही देशानं मान्य करू नये, असं आवाहन ठरावात आहे. भारतासह ३५ देश तटस्थ राहिले. चारही प्रांतांचा काही भाग मतदानाच्या वेळी युक्रेनच्याच ताब्यात होता.'

नकाशा देणार असाल तर सीमारेषा युक्रेनचीच ठेवा, व्याप्त भागावर तिरक्या रेघा मारा आणि खाली तारीख लिहा, कारण आघाडी हलते.

आणि त्या रात्रीचा माझा मथळा आज द्यायचा झाला तर: 'चार प्रांत खालसा केल्याची रशियाची घोषणा'. तीन कॉलमात आरामात बसतो. दोन कॉलमात कोंबायची वेळ आली तर 'चार' काढा. 'रशियाची' आणि 'घोषणा' काढू नका.